देवऋषाची नक्कल

१२ सप्टेंबर १९७४, सांगली
पेन धरता येतं. अक्षर माझं वाटत नाही. मेंदूला सूज होती, विषाणूची – डॉक्टर म्हणतात. नऊ दिवस मी कुठे होतो, सांगता येत नाही. छताला माणसं उलटी बसलेली आठवतात, सभेसारखी ओळीने. मी बोलायची वाट बघत.

१३ सप्टेंबर
उशीच्या अभ्र्यावर हळद कसली? विजयमाला म्हणाली, "अहो, तापात बरळत होता. सोडा ना." पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

१४ सप्टेंबर
वॉर्ड झाडणाऱ्या मोहिद्दीनचाचांकडून काढून घेतलं. म्हातारा हसत होता. "मास्तर, तुमच्या अंगात आलं हुतं की! लय घुमला."

माझ्या अंगात! वीस वर्षं गावोगाव देवऋषांची सोंगं उघडी पाडली ती मी. ते दवाखान्यातून रोगी कसे उठवून नेतात, हे दाखवायला भाषणात त्यांची नक्कल करायचो. मान घुमवायची, आवाज घोगरा करायचा – "बोल लेकी, काय इचारतीस?" लोक पोट धरून हसायचे. मग मी मुद्द्यावर यायचो.

तापात नक्कल तेवढी आली. मुद्दा आलाच नाही.

शेजारच्या खाटेवर माण तालुक्यातले, दहिवडीकडचे आप्पासो होते. त्यांनाही हाच ताप. त्यांच्या बायकोने, बयाबाईंनी, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि विचारलं, "मालकास्नी घरी न्हेऊ का?" मी म्हणालो म्हणे, "न्हे. सातव्या दिशी उठून बसंल." भाषणातलं वाक्य, शब्दाला शब्द.

डॉक्टर नको नको म्हणत असताना बाईंनी कागदावर अंगठा दिला आणि त्याच दुपारी त्यांना नेलं. आठ दिवस झाले. माणूस आहे की नाही, इथे कुणाला ठाऊक नाही.

१५ सप्टेंबर
"तापातलं बोलणं कोण धरतं?" – विजयमाला.
बयाबाईंनी धरलं.

२२ सप्टेंबर, सातारा
घरी आलो. सकाळी चूळ भरताना तो घोगरा आवाज आपोआप घशात आला. दार लावून बसलो.

२९ सप्टेंबर
दहिवडीची एस.टी. धरली. पुढे वस्तीवर चालत. बयाबाईंचं कपाळ मोकळं होतं.

मला बघून त्या पाया पडायला वाकल्या. "शब्द खरा केलासा. सातव्या दिशी उठून बसलं, च्या पिलं. दिस मावळताना गेलं. देवानंच न्हेलं, तितं तुमी तरी काय करनार?"

चेहरा शांत. तो मला सोसवेना. सगळं सांगितलं – देव नव्हता, ताप होता. हशा पिकवायची नक्कल होती. दोष माझा, मला शिव्या द्या.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत.

३० सप्टेंबर
काल एक लिहिलं नाही. मी निघालो तेव्हा बाई उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग कुणाच्या शब्दावर न्हेलं मी त्यास्नी?"