निवडलेली मांदेली

बुध. ७ जाने.
मृण्मयी आली. कॉलेजची पोरगी, मांदेलीवर प्रोजेक्ट करते. दिवाळीपासून दर बुधवारी माझ्याकडूनच अर्धा किलो नेते, साफ न करता. लॅबमध्ये एकेक मोजते, पोट फाडून काय खाल्लंय, आत गाभोळी म्हणजे अंडी आहेत का बघते. सांगत होती, मांदेली थव्याने फिरते, किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात, बारका जवळा खाते. म्हटलं, हे मी फुकट सांगितलं असतं. हसली. "मावशी, तुमचं नाव छापणार मी प्रोजेक्टात." तेवीस वर्षं परळच्या बाजारात बसतेय, माझं नाव फक्त लायसनवर.
तिला मी नेहमी हाताने निवडून देते. मोठी, पोट टम्म असलेली. बारकी बाजूला.

बुध. २१ जाने.
आज पोरगी नंदाकडे! माझ्या डोळ्यांदेखत! नंदा, माझी थोरली जाऊ, समोरच्या ओट्यावर. सासूबाईंची नळाजवळची जागा तिने घेतली, मी गप्प. गिऱ्हाईकं ओढली, गप्प. पण ही पोरगी माझी होती. नंदा काही निवडत नाही, टोपली उलटी करते नि तागडीत भरते. जवळा, कचरा, बोटाएवढी पिल्लं, सगळं. तिचे कॉलेजचे सर म्हणाले दोघींकडचं घ्या, म्हणे. माझ्याकडचंही नेलं अर्धा किलो, पण नंतर. जेवण गेलं नाही.

शुक्र. २३ जाने.
नंदा बाजारभर सांगत सुटलीय, "माझ्या मांदेलीवर पुस्तक निघणार." घ्या! गाभोळी कधी भरते हेसुद्धा मलाच विचारायची. जळते मी. हो, जळते. इथे कोण वाचायला येतंय.

बुध. ४ फेब्रु.
निवडायला अर्धा तास घातला. एकही बारकी जाऊ दिली नाही. बघू दे म्हटलं फरक.
मृ. खूश. "मावशी, तुमची मांदेली मोठी, बहुतेक माद्या, गाभोळीवाल्या. नंदामावशींची लहान. दिवस एकच, तरी एवढा फरक! सर म्हणतात थवे वेगळे असतील, वेगळ्या पाण्यातले. तेच लिहिणारेय." छाती फुगली माझी. नंदाला ऐकू जावं म्हणून पुन्हा बोलायला लावलं.
घरी भांडी घासताना डोक्यात आलं. वेगळं पाणी कुठलं? धक्क्यावर आम्ही दोघी एकाच बोटीची एकच टोपली घेतो, अर्धी-अर्धी. सासूबाई होत्या तेव्हापासून. थवा एकच. फरक केलाय तो माझ्या हाताने.

शुक्र. ६ फेब्रु.
सांगितलं तर माझे सगळे बुधवार फुकट, निवडलेल्या मासळीची मोजणी कोण धरणार. राहणार काय, तर नंदाचा कचरा. तोच खरा! काही न करता! आणि नाही सांगितलं तर पोरगी खोटं लिहून बसणार, परीक्षेत कुणी विचारलं तर तोंडघशी पडेल. दोनदा फोन हातात घेतला, ठेवला. मेलीचं नशीबच मोठं. नंदाचं म्हणतेय मी.

बुध. ११ फेब्रु.
निवडलं नाही. टोपली होती तशी ओतली, पिल्लं, जवळा, सगळं. लाज वाटली. रोजचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय मावशी, आज असं?" नंदा टकामका बघतेय.
मृ. आली ती कागद घेऊनच. आभाराचं पान. माझं नाव पहिलं, नंदाचं खाली. दोनदा वाचलं, मग परत एकदा. जाऊन नंदाच्या नाकासमोर धरावंसं वाटलं.
"शनिवारी छापायला देते, मावशी."
माझा ओला हात लागून कोपरा भिजला.
म्हटलं, बस जरा, चहा सांगते. आणि शनिवारचं थांबव.
"का? काय झालं?"
टोपली एकच, हे दोघींनी सांगायला हवं, नाहीतर सरांना पटायचं नाही. जीव नको म्हणत होता. तरी मीच हाक मारली, "नंदा, इकडे ये गं जरा."
ती हात पुसत उठली.