तानपुरा किती साफ

बाबा, मी अजूनही आवाजाचंच काम करते. जेल रोडवरचं ते दुकान राहिलं नाही. सेठजी गेले आणि त्यांच्या मुलांनी तिथे मोबाइलची कव्हरं विकायला काढली. मी मात्र त्याच धंद्यात राहिले. आता पलासियाजवळच्या एका दुकानात बसते, चांगले हेडफोन विकते, आणि विकण्यापेक्षा जास्त वेळ ते कसे ऐकायचे हे लोकांना समजावण्यात जातो. लोक येऊन म्हणतात, "मॅडम, इतका महाग घेतला, पण मजा नाही आली." मी आधी विचारते, वाजवता काय? बहुतेक वेळा कोणीतरी पाठवलेली, पाठवता पाठवता पिळून निघालेली फाइल असते. हेडफोन जितका चांगला, तितकी ती खराबी जास्त ऐकू येते. मग त्यांच्या फोनवर गाण्याचा दर्जा सर्वात वरचा करून देते. मन लावून ऐकायचं असेल तर वायरनं ऐका म्हणते, कारण बिनवायरीत फोन तो आवाज परत एकदा दाबून पाठवतो. गादी कानाभोवती पूर्ण बसली पाहिजे. मध्ये चष्म्याची काडी आली, केस आले, की खर्ज निसटून जातो. आणि शेवटी सांगते की आवाज कमी ठेवा. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नाही. कान खराब व्हायला लागले की बारीक गोष्टी आधी जातात आणि माणसाला पत्ता लागत नाही. हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा बोलते.

तुम्हाला कधी पत्ता लागला, हे मी कधी विचारलंच नाही. मिलच्या लूमखात्यात तुम्ही तरुणपणापासून होता. लहानपणी मी एकदाच तिथे आले होते, आईनं घाईत पाठवलेला निरोप घेऊन. दार उघडलं आणि मला वाटलं छप्पर पडतंय. शेकडो माग एका छताखाली धडधडत होते. पायाखालची फरशी थरथरत होती आणि त्या आवाजात तुम्ही सगळे आरामात गप्पा मारत होता. ओठ हलत होते, बोटं हलत होती, एक जण हसला, तुम्ही मान हलवली. मी तोंड हलवलं, आवाज निघाला की नाही ते मलाच कळलं नाही, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून कानाशी येऊन म्हणालात, "आजी आली का महूवरून? येतो." मला ती जादू वाटली होती. घरी येऊन मी आईला सांगितलं की बाबांना न बोलता ऐकू येतं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "हाओ, आणि बोललेलं ऐकू येत नाही."

ती गमतीनंच म्हणाली होती. परदेशीपुऱ्यातल्या आपल्या गल्लीत सगळेच मिलवाले मोठ्यानं बोलायचे, सगळ्यांचेच रेडिओ मोठे असायचे. सकाळी शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम लागला की तुम्ही रेडिओच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवून बसायचे. आम्हाला वाटायचं, शौक आहे. आज वाटतं, तुम्ही तळव्यानं ऐकत होता.

मग मिल बंद झाली. आधी पाळ्या कमी झाल्या, मग आज उघडेल, उद्या उघडेल असं चालू राहिलं, आणि एक दिवस गेटला कुलूप दिसलं. तुम्ही आणि तुमचे साथी कित्येक महिने त्या गेटसमोर जाऊन बसायचे, जसे कामावरच निघाले आहात तसे, वेळेवर. भोंगा वाजेना तरी गल्लीतले लोक त्याच वेळेला उठायचे. तुम्ही पूर्ण दिवस घरी राहायला लागलात तेव्हा घरात शांतता असते हे कळलं, आणि त्या शांततेत तुमचं न ऐकणं उघडं पडलं. आई आतून विचारायची, "भाजीत मिरची घालू का?" तुम्ही बाहेरून म्हणायचे, "हो, देऊन आलो." आम्ही हसायचो. तुम्हीही आमच्याबरोबर हसायचे, पण अर्धा क्षण उशिरा, आमचे चेहरे बघून.

त्याच सुमारास शहरात दुसरीच वर्दळ सुरू झाली होती. जेल रोडच्या दुकानांत बाहेरून आलेले प्लेअर, चकचकीत सीड्या, मखमली गाद्यांचे हेडफोन येऊन पडत होते आणि सेठजींना ते समजावून विकणारं कोणीतरी पाहिजे होतं. माझं कॉलेज नुकतंच झालं होतं. ज्या बाहेरच्या मालानं तुमचं काम नेलं, त्याच बाहेरच्या मालानं मला काम दिलं असं लोक म्हणायचे. तुम्ही कधी तसं बोलला नाहीत. तुम्ही सांवेर रोडच्या एका कारखान्यात गेटवर लागलात. दोनेक महिन्यांत परत घरी बसलात. आईला म्हणालात, "काम पटलं नाही." खरं काय झालं ते तुमच्याच एका साथीकडून नंतर कळलं. मालकाची गाडी गेटबाहेर हॉर्न देत उभी होती आणि तुम्ही पाठ करून झाडांना पाणी देत होता. ते ऐकूनही मी काही केलं नाही. मी त्या दिवसांत नव्या वस्तूंच्या आणि माझ्या पहिल्या नोकरीच्या नशेत होते.

आणि मग ती दुपार. मी डबा घरी विसरलेली, आणि तुम्ही सायकलवर डबा घेऊन दुकानात आला आहात. कपाळावर घाम, पांढरा शर्ट इस्त्रीचा. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं आहेत. सेठजी उठून तुम्हाला स्टूल देतात, म्हणतात, "आइए बाबूजी, बैठिए. बिटिया को तो देखिए, क्या समझाती है सबको." मला काय आनंद होतो. मी दुकानातला सर्वात चांगला हेडफोन काढते, तुमच्या कानांवर बसवते, गादी नीट दाबते. सकाळच्या रागाची सीडी लावते. चकती फिरायला लागते, प्लेअरच्या काचेवर हिरवे आकडे पळायला लागतात. तुम्ही डोळे मिटता. मान हलते. मांडीवर बोटं ताल धरतात. थोड्या वेळानं तुम्ही मोठ्यानं म्हणता, "वा. तानपुरा किती साफ." सगळी गिऱ्हाइकं बघतात. सेठजी हसतात. तुम्ही परत म्हणता, "असा आवाज पहिले कधी ऐकला नाही, बेटा."

तेव्हा माझी नजर काउंटरवर गेली. हेडफोनची वायर तिथे अंथरलेल्या कपड्याखालून पुढे आली होती आणि तिचं टोक तसंच पडलं होतं. मी ते लावलंच नव्हतं. तुमच्या कानांत काहीही वाजत नव्हतं. सेठजींनीही बघितलं. ते भले माणूस. वळून कपाटातले डबे सारखे करायला लागले. मी पण तसंच करायला पाहिजे होतं. हळूच वायर लावून दिली असती तर काम झालं असतं. पण गिऱ्हाइकं बघत होती आणि माझा चेहरा तापला होता. मी हेडफोन काढला आणि अगदी हळू, तुम्हाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "वायर लावलेलीच नाहीये. कशाला खोटं बोलता?"

हळू बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही ओठ वाचता, हे मी विसरले होते.

तुम्ही स्टुलावरून उठलात. सेठजींना नमस्कार केला. रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवलीत आणि सायकल हातानं ढकलत गर्दीतून निघून गेलात. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही ओट्याजवळ बसून लसूण सोलत होता. मी समोर बसले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "का केलं तुम्ही असं?" तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता. म्हणालात, "तू इतक्या शौकनं लावलं होतं. काही तरी बोलायला पाहिजे होतं न." मग एक पाकळी सोलून वाटीत टाकलीत आणि म्हणालात, "मला वाटलं वाजत असेल. आजकाल सगळ्यांना ऐकू येतं ते मला येत नाही. मला वाटलं हे पण तसंच." आई पाठमोरी होती. तिनं गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली.

दुसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तुम्हाला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. बारीक आवाज ऐकू आला की दाबा. मी काचेबाहेरून बघत होते. बराच वेळ तुमचा अंगठा हललाच नाही, आणि तुम्ही माझ्याकडे असे बघत होता जसं परीक्षेत मूल मास्तरांकडे बघतं. डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जात होती आणि मग खाली कोसळत होती. "नस गेली आहे," ते म्हणाले, "मशीनींच्या आवाजानं. ही वापस येत नाही." श्रवणयंत्र घेतलं. त्यात तुम्हाला भांडी फुटल्यासारखी ऐकू यायची, रस्ता अंगावर यायचा, आणि माणसं तशीच पुसट राहायची. तुम्ही ते पाहुणे आले की लावायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून.

मी हट्ट सोडला नाही. प्रत्येक नवा हेडफोन आला की तुम्हाला बोलावायची. वायर दोनदा तपासायची. बारीक सूर वाढवून बघितले, तुम्ही म्हणालात, "टोचतंय." आवाज वाढवला, तुम्ही म्हणालात, "आवाज येतो, बेटा, शब्द येत नाहीत." सीडी गेल्या, कॉम्प्युटरवर फाइली आल्या, मग फोन आले. दरवेळी लोक म्हणायचे, बघा, आता काय साफ ऐकू येतं. आणि जे साफ ऐकू यायचं ते सगळं वरच्या टोकाला असायचं, तारेची झिणझिण, गायकाचा श्वास, तबल्याच्या किनारीवरचं बोट. नेमकं तेच लूमखात्यात राहून गेलं होतं. मी ज्या गोष्टीत हुशार झाले, तिचा तुम्हाला काडीचाही उपयोग नव्हता. तरी तुम्ही यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, स्टुलावर बसायचे, ऐकायचे आणि आता खरं सांगायचे, "नाही, बेटा." त्या दुपारनंतर तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत. कधी कधी मला वाटायचं, सांगा हो, एकदा म्हणा, छान आहे.

शेवटच्या वर्षांत आईचे डोळे अधू झाले. तुम्ही कुठे बसला आहात ते तिला दिसेना, आणि तुम्हाला ओठ वाचता यावेत म्हणून तुमच्याकडे तोंड करून बोलायला पाहिजे, हेही तिच्या लक्षात राहीना. आम्ही सगळे थकलो. तुमच्याशी बोलायचे शब्दच कमी होत गेले. जेवण, गोळी, चला, झोपा. बाकी कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, मिलच्या जमिनीचं काय चाललं, मला दुकानात कोण काय बोललं, हे आम्ही तुमच्यासमोर एकमेकांना सांगायचो आणि तुम्ही चेहरे बघत बसायचे. असेच गेलात.

आज दुकान बंद होतं म्हणून सकाळी बसून हे सगळं लिहून काढलं. पाठवायला पत्ता नाही. कपाटात ठेवून देईन. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगते आणि थांबते. तुम्ही रोज पेपर वाचायचे. पहिल्या पानापासून निविदांपर्यंत, हिंदी आणि मराठी दोन्ही, बोट फिरवत, सगळं. त्या दुपारनंतर तुम्ही अकरा वर्षं होता, आणि तितकी वर्षं मी तुमच्या कानांशीच झगडत राहिले. मला माफ करा, इतकं एका चिठ्ठीवर लिहून तुमच्या पेपरात ठेवता आलं असतं. तुम्ही वाचलं असतं. मला ते सुचलं नाही.