रविवारी उघडणारं गाठोडं

गुरुजी, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तेव्हा उलटून बोलणार नाही, एवढीच काय ती सोय. सहावीच्या वर्गासाठी ‘आपले धर्म’ या घटकाचं नियोजन माझ्या गळ्यात पडलं, आणि मी ऐटीत सांगितलं की मी सिरसाळ्याच्या गुरुजींच्या हाताखाली शिकलेय, हे काम माझ्या डाव्या हातचा मळ. मग केलं काय? पाच तासिका, पाच धर्म आणि एक तक्ता. धर्म, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, मुख्य सण. मुख्याध्यापक म्हणाले, “लई झकास, बाई! साहेब आले की हेच टाचण दाखवू.” मी फुगले.

तुमच्याकडं तक्ता नव्हता, नियम होता. आपल्या घराचं सांगायचं नाही, दुसऱ्याच्या घरी जाऊन विचारायचं आणि लिहून आणायचं. त्या घरातलं कुणी वर्गात येऊन “बरोबर हाय” म्हटल्याशिवाय तुम्ही वहीवर सही करत नव्हता. माझ्या वाट्याला मेंढपाळाचं घर आलं. तेव्हा आमच्याच रानात खतासाठी त्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या, चार पावलांवर. मी गेलेच नाही. बांधावरून त्यांचं पाल बघितलं आणि घरी येऊन लिहिलं, ‘यांना घर नाही, म्हणून देवघर नाही, म्हणून देवही नाही.’ जमीनदाराची लेक ना मी, विचारायला कशाला जाते!

तुम्ही ते त्यांच्या म्हातारीसमोर मोठ्यानं वाचलंत. ती चिडली नाही. पदर सावरत म्हणाली, “देव हाय की, गुर्जी. पर आमी त्यो रईवारीच उघडतो.” मला वाटलं, आता छडी बसणार. तुम्ही वही मिटलीत आणि विचारलंत, “का गेली न्हाईस गं?” एवढंच. त्यापेक्षा छडी परवडली असती.

रविवारी तुम्ही सायकलवर आलात आणि मला पालावर घेऊन गेलात. अजून दिसतं मला. म्हातारी अंघोळ करून ओल्या केसांनी बसली आहे, पिवळं पडलेलं गाठोडं सोडते आहे. आत भंडाऱ्यात माखलेले देवांचे चांदीचे टाक, अंगठ्याएवढे. एकेक टाक कपाळाला लावून ती मांडते आणि सांगते, “निघायच्या दिशी घोड्यावर आधी ह्ये चढतंय, मग आमची चूल.” पूजा झाली. तिनं मेंढीच्या वासाच्या हातानं माझ्या तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा लिहिलं, म्हातारीनं “बरोबर हाय” म्हटलं, आणि तुमची सही मिळाली. ती वही माझ्याकडं आहे. नव्या शिक्षकांना मी ती मिरवून दाखवते.

आता माझ्या वर्गातलं ऐका. एक मुलगी आहे, आईबाप मेंढ्यांमागं असतात, ती आजीजवळ राहून शिकते. प्रत्येकानं आपल्या घराचा तक्ता भरून आणायचा होता. बाकीच्यांनी पुस्तकातून उतरवलं. हिनं ग्रंथापुढं ‘न्हाई’, प्रार्थनास्थळापुढं ‘न्हाई’ लिहिलं. खरं तेच लिहिलं हो पोरीनं! मी लाल पेनानं ‘अपूर्ण’ असा शेरा मारला, आणि वरून तो तक्ता वर्गाला वाचून दाखवला, असं करू नये म्हणून. पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी.

पाचव्या दिवशी मी दिंद्रुडच्या शिवारात तिच्या आईबापाचं पाल शोधत गेले. बाप म्हणाला, “बाई, येत्या सोमवारी आमी निघनार. ती म्हनती, साळंत न्हाई जायचं, संगं यीन. मी काय करू?” पोरगी कोकरू धरून बसलेली, माझ्याकडं बघायला तयार नाही. तेव्हा तुमचा तो प्रश्न कानात वाजला, आणि मला रडूच आलं, गुरुजी. बांधावरनं लिहायची माझी खोड गेलेलीच नव्हती, फक्त आता तिला चौकट आखली होती.

काल रविवार. मी न सांगता पुन्हा पालावर गेले. पूजेसाठी आजीही तिथं आली होती. आजीनं गाठोडं पोरीच्या हातून सोडवलं. पूजा झाल्यावर पोरीनं माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि तिथंच उभी राहिली, मी खाईपर्यंत. मग म्हणाली, “बाई, त्ये लाल खोडनार का? समद्यांसमोर?”

आज खोडलं. सगळ्यांसमोर. आजी वर्गात येऊन खुर्चीवर न बसता खालीच बसली, आणि पोरीनं टाकांची माहिती सांगितली. “बरोबर हाय,” आजी म्हणाली. मेंढ्या सकाळीच पुढं गेल्या, पोरगी राहिली. मुख्याध्यापकांना तक्ता हवाच आहे. त्यांच्याशी उद्या भांडेन.

पण राग कशाचा, ते राहिलंच. त्या रविवारी तुम्ही सायकलकडं वळलात तेव्हा मी तो तुकडा बांधापलीकडं फेकला होता. तुम्ही विचारलंत, “खाल्लंस का?” मी म्हणाले, “लई गोड होतं, गुरुजी.” तुम्ही विश्वास ठेवलात. कशाला ठेवलात? मी खाईपर्यंत तरी उभं राहायचं!

हे कागद टाचणवहीतच राहतील, जाणार तरी कुठं? खोबरं खरंच गोड असतं, हे मला काल कळलं.