डॉक्टरसाठी कर

४ जून
नव्या दवाखान्याचं उद्घाटन झालं एकदाचं. राजधानीतून, पर्थहून पाहुणे, फीत, टाळ्या, चहाबरोबर मी भाजलेले स्कोन. आपोआप उघडणारं दार! आणि डॉक्टर एकच, टोयिन. तिचा करार जुलैअखेर संपतो. राज्य सरकारकडून पैसे आले ते फक्त इमारतीला. पगाराला मागितले तर म्हणे, तो आमचा विषय नाही. म्हणजे तिचा पगार, घर, गाडी सगळं गावाच्या करातून. गावच्या परिषदेत सदस्य म्हणून बसून बसून हे मला पाठ झालंय. जमिनीवरचा कर वाढवला तरच ती राहणार.

११ जून
नवऱ्याला, मर्वला घेऊन टोयिनकडे. त्याच्या हृदयाचं दुखणं तिनेच ओळखलं, नाहीतर स्वारी अपचन म्हणून सोडा पीत बसली होती. आज सुई टोचताना म्हणतो, "मेंढ्यांनासुद्धा मी यापेक्षा हळू टोचतो." टोयिन म्हणाली, "मेंढ्या तुमच्यापेक्षा गप्प बसत असतील." मग मला बाजूला घेऊन — छातीत दुखलं तर वाट बघू नका, सरळ माझ्याकडे आणा.

१९ जून
करावर गावाची सभा. हॉल गच्च. कॉलिन आमच्या परिषदेचा अध्यक्ष, त्याने विचारलं, वाढीच्या विरोधात कोण? हात वर झाले. तिसऱ्या रांगेत मर्वचाही.
घरी कडाक्याचं भांडण. "पाऊस नाही, खत महाग, आणि माझी बायको माझ्याच जमिनीवर कर वाढवते!"
"अरे, कोणासाठी वाढवतेय?"
"माझ्यासाठी गावाच्या खिशात हात घालायचा नाही, ग्लेनिस."
जेवण तसंच राहिलं.

२६ जून
परिषदेची बैठक. टोयिन राहते ते सासूबाईंचं घर, परिषद आम्हाला भाडं देते. ज्याचा विषयाशी पैशाचा संबंध, त्याने मतदानाआधी बाहेर जायचं, हा नियम. मी संबंध जाहीर केला आणि ताठ मानेने बाहेर गेले. चहाच्या मोठ्या भांड्यापाशी उभी राहिले.
तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली म्हणून कॉलिनने अध्यक्षाचं जादा मत दिलं, तेही विरोधात. कर वाढला नाही.
गाडीपाशी कॉलिन म्हणाला, "भाडं तुझं किरकोळ. विचारलं असतंस तर बाकीच्या सदस्यांनीच तुला बसून मत देऊ दिलं असतं. तशी सोय आहे की नियमात."
"मग तू का नाही सांगितलंस?"
"मला वाटलं, तुला माहीत असेल."
मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिथे बसते आणि माहीत नव्हतं. स्वतःचा इतका राग कधी आला नाही.

३१ जुलै
टोयिन गेली. किल्ली देताना डोळे भरून आले तिचे. मर्वने तिला अर्धी मेंढी कापून, बांधून दिली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो फाटकात उभा होता. मग म्हणाला, "चांगली होती गं."

८ ऑगस्ट
पेपरात मोठा मथळा. उत्तरेतल्या लोखंडाच्या खाणींवर राज्याची तिजोरी भरून वाहतेय, आपलं राज्य देशात पहिलं. मर्वने मोठ्याने वाचून दाखवलं. दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१७ ऑगस्ट
मर्व गेला.
सकाळी गोठ्याजवळ छातीत कळ. आमची रुग्णवाहिका गावातलेच लोक चालवतात, सगळे शेतावर फवारणीला. ते येईपर्यंत मी त्याचा हात धरून बसले. "नुसतं अपचन आहे," म्हणत होता. नव्या दवाखान्यावरूनच गाडी गेली. पुढचं हॉस्पिटल आलंच नाही.
त्याने हात वर केला आणि मी खोलीबाहेर गेले. दोघांनी मिळून घालवलं तिला. हे कोणाला सांगू?

२५ ऑगस्ट
काल मर्वला पुरलं. हॉलमध्ये चहा होता. कॉलिन जवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, दवाखान्याला आणखी दोन खोल्या मंजूर झाल्यात, पैसे आलेत. त्यांना मर्वचं नाव द्यावं असं सगळ्यांच्या मनात आहे. चालेल ना?
मी हो म्हटलं.