आईच्या भाषेतली प्रार्थना

प्रिय बाबा,

घरी सगळ्यांना देवाची शांती लाभो. मी स्पेनमध्ये बरी आहे. संत्र्यांच्या गोदामात काम भरपूर आहे, फक्त खांदे भरून येतात. तुमचा खोकला थांबला का?

रागावू नका, पण मी पेन्टेकॉस्टल मंडळीत जाते. रोमानियन भाषेत प्रार्थना इथे दुसरीकडे कुठेच होत नाही. अन्य भाषा बोलण्याचं, म्हणजे आत्म्यानं भरून कधी न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करण्याचं दान येशूच्या प्रेषितांबरोबरच संपलं, असं तुम्ही म्हणता. इथले म्हणतात, ज्याला ते नाही त्याला पवित्र आत्माच मिळालेला नाही.

रविवारी पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राहेला, तोंड उघड, शब्द आपोआप येतील." मी इतकी थकले होते, की आई गेल्यापासून न बोललेली तिची हंगेरियनच तोंडातून बाहेर पडली.

"हालेलुया! मिळालं हिला!" बायकांनी मला मिठ्याच मारल्या.

गप्प राहिले असते तर त्यांच्यातली झाले असते. पण तुमची मुलगी ना मी! म्हटलं, "दान कसलं, ही माझ्या आईची भाषा आहे."

पाळकांचा चेहरा उतरला. गोदामात माझ्या शेजारी संत्री निवडणारी साव्हेतामावशी तेवढी म्हणाली, "अगं, पण बोललीस काय? अर्थ सांगावा, असं बायबलात प्रेषित पौलानंच लिहिलंय."

मी सांगितलं, "देवा, मी दमले. घरी ने मला."

पाळक माझ्याजवळ खाली बसले आणि हळूच म्हणाले, "आम्हीसुद्धा दमलोय गं, पोरी."

छातीला ऊब देत जा.

तुमची,
राहेला