भर सकाळची दिवेलागण

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
ऑगस्टअखेर

प्रिय यशोधरा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई आमच्या रेडिओवरच्या रेकॉर्डिंगला नाही म्हणतेय ती तुमच्यामुळे, बाबा. माझा नवा कार्यक्रम तुम्हाला खुपतो, म्हणून तिला फितवलंत." मी विषय बदलला. तुझी आई शेजारीच बसली होती, आणि हल्ली मी बोलतो त्यापेक्षा जे बोलायचं टाळतो ते तिला आधी ऐकू येतं. म्हणून हे पत्र. तुला हसू येईल, ऑफिसात चार जणांना दाखवशीलही. दाखव. पण पूर्ण वाच. तुमच्या केंद्रावर हल्ली गायकाचा अंतरा सुरू होतो न होतो तोच निवेदिका मध्ये घुसते, तसं करू नकोस.

विठ्ठलवाडीची चाळ तुला कितपत आठवते कोण जाणे. डेपोच्या मागची खोली, आणि फळीवर उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेला जुना रेडिओ. विकणारा सिंधी म्हातारा म्हणाला होता, "साईं, इसमें फिल्मी गाना भी आता है," आणि मी शास्त्रीयाचं केंद्र लावायला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रेडिओत पाणी भरून मागत होतो. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत मी स्टोअरला. हातांना वास, डब्याला वास. तुझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला रागांची नावं कधी आली नाहीत, अजून येत नाहीत. तिनं आपली नावं पाडली. तोडी म्हणजे 'डब्याचा', कारण तेव्हा तुझ्या शाळेचा डबा भरायचा. सारंग म्हणजे 'वाळवणाचा'. भीमपलास 'नळाचा', कारण पाणी दुपारी यायचं. आणि यमन 'दिवेलागणीचा'. सातवीत असताना तू तिला दटावलंस, "वाळवणाचा काय, आई? वृंदावनी सारंग म्हण." ती म्हणाली, "तू म्हण वृंदावनी. पण पापड उचलायला ये आधी."

घड्याळ आपल्याकडे होतं, पण ते मी कामावर घालून जायचो. घरातलं घड्याळ रेडिओच होता.

मला ही गोडी कुठून लागली, असं तू लहानपणी विचारायचीस. शाळेतून. आमचे गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत. अर्थ कळायच्या आधी वृत्त कळायचं. भुजंगप्रयाताची चाल अजून माझ्या पायांत आहे, जिना मी त्याच चालीनं चढतो. लिफ्ट बंद असली की मला बरंच वाटतं. कुणी ओळीत भलत्या जागी थांबलं की गुरुजी हात वर करून सगळा वर्ग थांबवत आणि म्हणत, कवितेची श्वास घ्यायची जागा ठरलेली असते, ती हलवू नका, तिचा जीव जातो. पुढे रेडिओवर पहिला विलंबित ख्याल ऐकला तेव्हा मला वाटलं, गुरुजी इथेच नोकरीला लागले. कुणालाच घाई नव्हती. आपल्याला कुठल्या बैठकीचं बोलावणं नव्हतं, यशू. माझे वडील तर देवळातलं गाणं रस्त्यावर उभं राहून ऐकायचे, आणि तेही कुणी हटकेपर्यंत. रेडिओनं आडनाव विचारलं नाही. खोलीत आला, फळीवर बसला, आणि राजासमोर गावं तसा आपल्यासमोर गायला.

त्याच केंद्रावर तू लागलीस तेव्हा तुझ्या आईनं अख्ख्या चाळीला खीर वाटली. मधू कंडक्टरनं विचारलं, "पोरगी रेडिओवर गाणार का?" तर ही म्हणाली, "गाणार नाही. कुणी कधी गायचं ते ठरवणार." किती ताठ झाली होती तिची मान.

आणि आता तू ठरवतेस. आधी विलंबित कापलं, ऐकणारे कंटाळतात म्हणून. मग सारंगी गेली, रडकी वाटते म्हणून. मग ती निवेदिका आली, जी भैरव ऐकवण्याआधी विचारते, "काय मंडळी, चहा झाला का? चला, थोडं क्लासिकल मारू या." आणि गेल्या महिन्यापासून तुझा 'मूड तुमचा, राग तुमचा'. लोकांनी मेसेज करायचे, ज्याला जास्त मतं तो राग, सकाळ असो की मध्यरात्र. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, वेळेचं शास्त्र सामान्य श्रोत्याला जड जातं. आकडे वाढले नाहीत तर केंद्रच राहणार नाही."

आकड्यांची भीती खरी असेल. वरून काय दडपण येतं ते मला कळणार नाही. पण हा सामान्य श्रोता कोण ग? मी त्याला आयुष्यभर शोधतोय. रंगाच्या कंपनीतला स्टोअरकीपर सामान्य नव्हे? चौथी शिकलेली बाई नव्हे? आम्हाला जड गेलं नाही. ज्यांना आम्ही कधी भेटलो नाही, त्यांनी ठरवून टाकलं की आम्हाला हलकं लागतं. पूर्वी आम्हाला दाराबाहेर ठेवायचे, ते कळायचं तरी. आता दार उघडून आत खेळणी ठेवली आहेत आणि म्हणतात, घ्या, हे तुमचं. हे माझ्याच मुलीच्या तोंडून ऐकावं लागलं, ते मला गिळता येत नाही. कडू वाटत असेल तर वाटू दे, पत्र गोड करायला मी निवेदक नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की आईची साखर उतरली.

हा टॉवर किती मुका आहे ते तुला माहीत आहे. चौदाव्या मजल्यावर ना भाजीवाला ऐकू येतो, ना शाळा सुटल्याचा गलका. साखरेनं डोळे नेले तेव्हापासून तिला दिवस कळतो तो रेडिओवरून. त्या दिवशी आभाळ गच्च होतं, खिडकीतून ऊनही अंगावर येत नव्हतं. दौलतराव बदलापूरला अंथरुणाला खिळलाय, स्टोअरमधला माझा जोडीदार, त्याला भेटायला मी सकाळी निघालो. रात्री तिला झोप लागली नव्हती, म्हणून न्याहारी करून ती आडवी झाली. संध्याकाळपर्यंत येतो, म्हणून मी गेलो.

तिला जाग आली तेव्हा यमन लागला होता. सकाळचे अकरा. तिला वाटलं, दुपार झोपेतच गेली. उठली, तोंड धुतलं, पातळ बदललं, बुद्धाच्या तसबिरीसमोर उभी राहून संध्याकाळची वंदना म्हटली. शेजारची चैत्राली कपडे वाळत घालत होती, ती हसून मोठ्यानं म्हणालीही, "काकू, आज वंदना डबल का?" हिला ते ऐकू गेलं नाही, की चेष्टा वाटली. मग तिनं इन्सुलिनचं पेन घेतलं, टकटक मोजून संध्याकाळचा डोस लावला, आणि टोचून घेतला. आणि मी आलो की बरोबर जेवू, म्हणून उपाशी बसून राहिली.

चैत्राली दुपारी कोथिंबीर द्यायला आली म्हणून तुझी आई आज आहे. दार लोटलेलंच होतं. ही खुर्चीतून खाली घसरलेली, घामानं चिंब.

दवाखान्यात तू धावत आलीस, रात्रभर बसलीस, ते मी विसरलो नाही. पण डॉक्टरांनी विचारलं, "यांना अलीकडे विसरायला होतंय का? वेळेचं भान?" आणि तू म्हणालीस, "हो, होतंय थोडं." सहज म्हणालीस. तुला वाटलं ती ग्लानीत आहे. ती जागी होती. तिनं माझा हात सोडला, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

तेव्हा मलाही खरं माहीत नव्हतं. मलाही वाटलं, वय झालं. आठवडाभरानं मी घरात असताना पुन्हा भर सकाळी यमन लागला. ती पलंगावरून म्हणाली, "झाली का हो संध्याकाळ?" आणि माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. मी धावत जाऊन सांगितलं, "नाही ग सुंदरा, अकरा वाजलेत. हे रेडिओवाले भलत्या वेळी लावतात. त्या दिवशीही हेच झालं. तुझं काही चुकलं नाही." ती म्हणाली, "माझी समजूत काढू नका. रेडिओ इतकी वर्षं चुकला नाही, आता कसा चुकेल? आणि तिथं आपली यशू बसलीय. ती चुकू देईल?"

मी पुन्हा सांगून पाहिलं. शेजारच्यांकडून वदवून घेतलं. ती म्हणते, "तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, म्हणून खोटं बोलता."

त्या दिवसापासून तिनं पेन माझ्या हाती दिलं. गॅसजवळ जात नाही. चाळीतल्या गोष्टी सांगायची, त्याही थांबवल्या, म्हणते, माझं काय खरं धरता. रेडिओ लागला की तिचे ओठ हलतात, मग मला विचारते, "आत्ता काय आहे? सकाळ का?" तुझ्या रेकॉर्डिंगला ती नाही म्हणाली, कारण तिच्या मते, "डोकं गेलेल्या बाईनं पोरीच्या केंद्रावर बोललं तर पोरीचं हसं होईल." मी तिला फितवलं नाही. ती तुला जपतेय.

तर रविवारी ये, पण रेकॉर्डिंगचं यंत्र आणू नकोस. तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडानं सांग, की त्या दिवशी सकाळी यमन लावला तो तुम्ही, मतं जास्त पडली म्हणून. की आईनं ऐकलं ते बरोबर ऐकलं. की डॉक्टरांपुढे तू म्हणालीस ते चूक होतं. माझं ती मानणार नाही. तुझं मानेल. मग तिचं डोकं तिला परत मिळेल, आणि तिच्या मनात तू जिथं आहेस तिथून थोडी खाली उतरशील. दोन्ही राखता येईल असं काही मला सुचलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
बाबा