धाग्याचं दुसरं टोक

२ मार्च २०२५, रविवार. खडकी.

पोचलो एकदाचा पुण्यात. वर्ध्याहून रात्रभर गाडी, मांडीवर टेबलफॅनचं खोकं, पाठीला रग. पण क्वार्टर पाहिलं आणि सगळा शीण गेला. उंच छत, जाड भिंती, पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, दारात कडुलिंब. बदलीच्या माणसाला एवढं कोण देतं? बरीच वर्षं हे कुणी घेतलं नव्हतं म्हणे. माझं नशीब.

शेजारच्या मंदाकिनीबाईंना विचारलं, पाणी कुठून येतं. नळातून, म्हणाल्या, आणि दार लावलं. पाच मिनिटांनी तेच दार उघडून चहा पाठवला. पुण्याबद्दल ऐकलं होतं ते सगळं एका कपात मिळालं.

डॉक्टरांनी अधूनमधून लिहायला सांगितलंय, म्हणून ही वही. गोळी कमी करताना शरीर काय म्हणतं ते लिहायचं. बाबा गेल्यावर मी जो खाटेवर पडलो तो उठेचना. गोळीने उठवलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. आता हळूहळू बंद करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. हळूहळू हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

घाई माझी आहे. तनुजा पाच वर्षांची. सकाळी आईला विचारते, डबा भरला का. मला विचारते, बाबा, गोळी घेतली का. लेकीने बापाची एवढी काळजी करावी, याची मला लाज वाटते. तिची बालवाडी संपली की एप्रिलमध्ये दीपमाला तिला घेऊन येईल. तोवर या घरात गोळ्यांची पट्टी दिसता कामा नये. मागची खोली तनूची. तिचं दार फुगून बसलंय, कडी गंजलीय. दुरुस्तीवाल्यांना सांगून ठेवलं.

४ मार्च, मंगळवार

आईचा फोन. वंदना केल्याशिवाय नव्या घरात राहायचं नाही, म्हणाली. मी म्हटलं, मंडळी आली की भंतेजींना बोलावून रीतसर परित्राणपाठ करू. ऐकेल ती आई कसली. शेवटी संध्याकाळी बसलो. फळीवर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, पाण्याचा तांब्या, आणि आईने पिशवीत घातलेलं पांढऱ्या धाग्याचं रीळ.

हा धागा तांब्यापासून निघून घरातल्या प्रत्येकाच्या हातातून जातो. सगळ्यांनी तो धरून पाठ ऐकायचा. मी तर एकटा. मग तांब्याजवळचं टोक मी धरलं आणि बाकीचा धागा मागच्या खोलीच्या बंद दाराखालून आत सरकवला, तनू-दीपमालाच्या वाटणीचा म्हणून. दाराच्या खालच्या कडेला मधोमध लाकूड झिजून एक खाच पडलीय. धागा तिच्यातून सुरेख आत गेला.

पाठाच्या आधी दिसणाऱ्या, न दिसणाऱ्या सगळ्या जिवांना ऐकायला बोलावतात. मीही बोलावलं. शेवटी धागा तोडून मनगटाला बांधायचा असतो, पण मला तोडवेना. मंडळी आल्यावर पुरं करू, असं ठरवून माझ्याकडचं टोक पलंगाजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. झोप छान लागली.

९ मार्च, रविवार

गोळी अर्धी केली. आईच्या अडकित्त्याने कापतो, सुपारीपेक्षा सोपं जातं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसाआधीच केली, पण आठवड्याने काय बिघडतं?

मान वळवली की डोक्यात बारीक झटका बसतो, ओल्या बटनाला हात लागावा तसा. हे होईल असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. नवीन एवढंच की जांभई पुरी होत नाही. तोंड उघडतं, श्वास वर चढतो आणि टोकाशी जाऊन अडतो. ऑफिसात मात्र काही होत नाही. घराला ओल असावी.

१६ मार्च, रविवार

छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला. फुप्फुसं घोड्यासारखी आहेत, म्हणाले. वर्ध्याच्या डॉक्टरांना फोन केला तर ते रागावले. कुणी सांगितलं होतं घाई करायला? आधीच्या डोसवर परत जा, हे त्यातलंच असू शकतं. हो म्हटलं. गेलो नाही. तनूचा प्रश्न कानात होता.

आई म्हणाली, आनापान कर. श्वास येतो तो बघ, जातो तो बघ, त्याला ढकलू नकोस. लहानपणापासून येतं मला ते. बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. मी बघत होतो तोवर श्वास चालू होता. लक्ष ऑफिसच्या कामाकडे गेलं आणि तो थांबला. आठवण करून द्यावी लागली.

डोळे उघडले तेव्हा खिळ्यावरचा धागा ताणलेला होता. सैल झाला. पुन्हा ताणला. वाऱ्याने असेल.

२० मार्च, गुरुवार

वारा नाही. पंखा बंद करून पाहिलं. धागा ताणला की माझा श्वास आत येतो. सैल पडला की बाहेर जातो. आधी धागा, मग मी.

डोक्यातले झटके वाढलेत. मला भ्रम होत असेल तर तो कुणापाशी बोलावा? दीपमालाला सांगितलं तर तिची झोप जाईल. तनूने फोनवर विचारलं, गोळी घेतली का. घेतली, म्हटलं. अर्धीची आता पाव झालीय.

२३ मार्च, रविवार

दुरुस्तीवाला आला. पहार घालून दार उघडलं. खोलीत लोखंडी खाट, दुसरं काही नाही. धाग्याचं टोक मी नुसतं आत सरकवलं होतं. ते आता खाटेच्या गजावर आहे आणि त्याला फास आहे, मनगट जाईल एवढा. गाठ जुन्या पद्धतीची, माझी आई पोत्याला मारते तशी.

दुरुस्तीवाल्याला विचारलं, तुम्ही हात लावला का. तो म्हणाला, साहेब, मी अजून आत आलोच कुठं.

करोनापासूनचं ऑक्सिमीटर माझ्या पेटीत आहे. माझं बोट ठीक दाखवत होतं. ते खाटेवर फासाजवळ ठेवलं आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तर ते चालू होतं. चिमट्यात बोट नव्हतं. आकडा सत्तरच्या खाली गेला होता आणि अजून उतरत होता.

२५ मार्च, मंगळवार

मंदाकिनीबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या, तुमच्याआधी माणसंच राहत होती. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसा म्हणाल्या. पुढचं सगळं खाली बघून सांगितलं.

योगेश म्हणून कर्मचारी होता, त्याची आई सुंदराबाई. दुसऱ्या लाटेत म्हातारीला झालं. कुठे खाट मिळेना. मागच्या खोलीत तिला वेगळं ठेवलं. हाक मारायला दम नव्हता, म्हणून योगेशने तिच्या मनगटाला दोरी बांधली, दाराखालून काढली आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला बांधलं. तिला दम लागला की तिने ओढायचं, याने दाराशी जाऊन धीर द्यायचा. रात्रंदिवस ते चाललं. लाकडात खाच पडली ती त्याने.

मग कुणीतरी सांगितलं, सिलिंडर मिळतोय. योगेशने हातातला फास काढून खिळ्याला अडकवला आणि धावला. तो परत येईपर्यंत दोरी हलत होती, असं मंदाकिनीबाई म्हणाल्या. खिडकीतून त्यांना दिसत होतं. आत जायची त्यांची छाती झाली नाही. सिलिंडर घेऊन तो आला तेव्हा दोरी ताठ होती, एवढं बोलून त्या उठल्या आणि उगाच गॅस पुसू लागल्या.

मी त्याच खिळ्याला अडकवला होता धागा.

२६ मार्च, बुधवार

गोळी पुन्हा पूर्वीइतकी सुरू केली. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, खोली सोडून. चांगलं केलंत म्हणाले, थोडे दिवस द्या. मला भीती वाटते.

३ एप्रिल, गुरुवार

झटके थांबले. डोकं स्वच्छ आहे. गोळीने तिचं काम केलं.

श्वास तसाच आहे. म्हणजे तो त्यातला नव्हता. हे मला नको होतं. गोळीवर ढकलता येत होतं तोवर बरं होतं.

६ एप्रिल, रविवार

अडकित्त्याने धागा मधोमध तोडला. दुपारची वेळ, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

श्वास आला नाही. बघून नाही, ढकलून नाही. छाती हलते, आत काही येत नाही. गुडघ्यावर सरपटत दोन्ही टोकं शोधली आणि गाठ मारली. गाठ बसली आणि पलीकडून ओढ आली, मग श्वास आला. पोरं ओरडत होती, आउट आहे, आउट आहे.

८ एप्रिल, मंगळवार

स्वारगेटला एका लॉजमध्ये राहू म्हणून निघालो. शिवाजीनगर गेलं आणि बसमध्येच गुदमरलो. लोकांनी उतरवलं, पाणी दिलं. रिक्षाने परत. खडकी जवळ आली तसा श्वास आला.

ऑफिसात रजा कळवली. धागा मनगटाला बांधून बसतो. ती ओढते, मी घेतो.

१० एप्रिल, गुरुवार

दीपमालाला फोन केला. येऊ नका म्हटलं. कारण सांगता येईना — म्हटलं घराला ओल आहे, पाणी नाही, मी वेगळी जागा बघतो. ती म्हणाली, तुमचा आवाज बाबा गेले तेव्हासारखा येतोय. मी रविवारीच येते.

मी ओरडलो तिच्यावर. कधी ओरडत नाही. म्हणून ती नक्की येणार.

१२ एप्रिल, शनिवार

झोप नाही. डोळा लागला की ओढ चुकते —

मागच्या खोलीत जाऊन बोललो. आजी, म्हटलं, मी तुमचा योगेश नाही. मी चुकून बोलावलं. उद्या माझी पोर येतेय, मला सोडा. धागा बराच वेळ ढिला राहिला. तेवढा वेळ मीही —

मग ओढला.

१३ एप्रिल, रविवार. सकाळ.

आल्या. रिक्षा दारात. आत येऊ नका म्हणायला उठलो, चक्कर आली. दीपमालाने मला पलंगावर निजवलं. मनगटावर हे काय करून घेतलंय, म्हणाली. वळ उठलाय, रक्त साकळलंय. नको म्हणायला श्वास पुरला नाही. डोळे मिटले.

रविवार. दुपार.

जागा झालो. लिहितो आहे कारण विश्वास बसत नाही. श्वास चालतो आहे. आपला आपण. पोटापर्यंत खोल जातो आणि सहज येतो. जांभई दिली, ती पुरी झाली. रडू आलं मला.

स्वयंपाकघरात फोडणीचा वास आहे. मनगट मोकळं आहे. मी झोपल्यावर तिने धागा सोडवला आणि खिळ्याला अडकवला म्हणे. काही झालं नाही. काहीच नाही. सगळं माझ्या डोक्यातलं होतं. उद्या चौदा एप्रिल, तनूला मिरवणुकीला न्यायचं, निळा फ्रॉक —

खिळ्यावर धागा नाही.

तनू मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलीय. फास तिच्या मनगटात आहे. आत एक आजी आहे, म्हणते. खेळ आहे, आजीने ओढलं की श्वास घ्यायचा. आजी म्हणाली, या वेळी सोडायचं नाही.

तिने जांभई दिली. पुरी झाली नाही.

तोडायचा नाही. तोडला की काय होतं ते मला माहीत आहे. दीपमालाने माझा सोडवला आणि मी जगलो, कारण माझ्या जागी तनूने फासात हात घातला होता. म्हणजे कुणीतरी हवं. फास घट्ट झालाय, पण मी माझी बोटं आत घातली तसा सैल होतोय —

निघाला. माझ्या हातात आला. तनूने दीर्घ श्वास घेतला. किती छान आवाज आहे तो.

दीपमालाला सांगितलं, तिला मंदाकिनीबाईंकडे घेऊन जा, चप्पल नको, आत्ता. गेल्या. जाताना तनूने विचारलं, बाबा, गोळी घेतली का. घेतली म्हटलं. खरं सांगितलं.

दीपमाला, गोळ्यांमुळे झालं म्हणू नकोस. गोळ्या चांगल्या होत्या. हे घर सोडा. धाग्याला हात लावू नका, कुणीच.

ओढ आली. घेतला.

पुन्हा आली. घेतला.

खाटेचा गज वाजला. तिकडचा फास गजावरून खाली पडलाय. आजी, मी धरलाय माझा, मी सोडलेला नाही, मी इथंच आहे — धागा सैल आहे — ओढ येत ना